चढ न पाहिलेली गाडी

आपलं आयुष्य वर-खाली करण्यातच गेलं, असं लिफ्टवाला स्वतःच म्हणायचा आणि दुसरं कुणी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचा. अर्ध्या शहरातल्या लिफ्ट तो दुरुस्त करत असे. अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं की तो माणूस कपाळाचा घाम पुसत जिना धरायचा. दोन शब्द बोलायला थांबतो कोण? घरी तर बोलायला कुणी नव्हतंच. बायको जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि मुलगी परदेशात संसाराला लागली होती. रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, जेवलात का?" इथं सुरू व्हायचा आणि "काळजी घ्या" इथं संपायचा.

एकदा लिफ्टमध्ये अडकलेला एक गडी मात्र सुटल्यावरही गप्पा मारत थांबला. जुन्या फोर-व्हील गाड्या घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटा धुंडाळणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याच्या ओळखीनं लिफ्टवाला टोळीत शिरला. पण दर खेपेला कुणाच्या तरी मागच्या सीटवर, तंबू आणि पाण्याच्या कॅनच्या मध्ये अंग चोरून बसायचं. पुढे नवरा-बायकोचं बोलणं चाललेलं असायचं, हा खिडकीबाहेर बघायचा. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, आपली गाडी हवी. जुनी का असेना, आपल्या हातानं उभी केलेली.

"इंजिनाच्या प्रेमात पडू नकोस," कप्तान म्हणाला. "इंजिन बदलता येतं. सांगाडा सडका निघाला, तर भंगार घेतलंस म्हणून समज."

पहिली गाडी नव्या नवरीसारखी नटलेली होती. लिफ्टवाला खाली सरपटला आणि सांगाड्यावरच्या ताज्या काळ्या रंगाला त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो बिस्किटात घुसावा तसा आत गेला. विकणारा आभाळाकडे बघू लागला. दुसरी गाडी उंच केलेली, राक्षसी टायरांची. पण आत वायरींचा असा गुंता, की कुठली कुठे जाते ते मालकालाही सांगता येईना. दुसऱ्यानं अर्धवट टाकलेला संसार निस्तरायचा त्याला कंटाळा आला.

तिसरी गाडी शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे होती. गॅरेजात उभी, होती तशी, कुणी हात न लावलेली. बंपरला पोचे होते.

"ते फाटकाचे आहेत," बाई म्हणाल्या. "ह्यांना गाडी मागे घेता यायची नाही. घेतली होती डोंगरात फिरायला. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

सांगाडा ठणठणीत निघाला. गंज होता, पण वरवरचा.

"चालवून बघू का?"

"बघा. मीही येते."

शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीकडे एक दगडगोट्यांचा चढ होता. पायथ्याशी थांबून त्यानं चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढला. वर्षानुवर्षं न हललेला तो दांडा आधी हटून बसला, मग कण्हत बसला जागेवर. गाडी चढू लागली. घाई नाही, आदळआपट नाही. एकेक चाक दगड चाचपत वर येत होतं. बाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी ती सोडली आणि मागे वळून सगळा चढ बघून घेतला.

"एवढं येत होतं हिला?" त्या म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी किल्ली हातात तशीच धरून ठेवली. "आज नको. मी कळवते."

कप्तान म्हणाला, "दुसरी बघ, गाड्यांना काय तोटा?" पण लिफ्टवाल्याचं दुसरीकडे मनच लागेना. फोन वाजला की तो हातातलं काम टाकून धावायचा. महिना उलटून गेल्यावर बाईंचा फोन आला. "घेऊन जा. माझ्याकडे ती नुसती उभीच राहील."

त्यानं गाडी हौसेनं बांधली. स्प्रिंगा बदलल्या, पोटाखाली जाड पत्रा ठोकला, टायर घेतले ते बेताचेच. मागची सीट काढून तिथं अवजारांची पेटी बसवली. सीट काढताना हात जरा अडखळला, पण तिथं बसायला होतं कोण?

पहिल्याच मोहिमेत गाडीनं अवघड चढ एका दमात काढला. कप्तानानं पाठ थोपटली. मग जो तो आपापल्या माणसांत गेला. कुणी डबे उघडले, कुणी मुलांना कडेवर घेऊन फोटो काढले. लिफ्टवाला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मुलीकडे तेव्हा मध्यरात्र असणार. त्यानं बाईंना फोन लावला.

"बाई, गाडी वर आलीय. डोंगरावर."

"काय दिसतंय तिथून?"

त्यानं सांगितलं. खालची नदी, वाकडी पायवाट, उन्हातले दगड. सांगण्यासारखं संपलं तेव्हा त्यानं ढगांचंही सांगितलं. बाई नुसत्या हं हं करत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "उतरताना सावकाश हं."

फोन ठेवून तो गाडीतून खाली उतरला, चाकांत अडकलेले खडे काढत बसला आणि टोळी निघाली तेव्हा सगळ्यांना पुढे जाऊ देऊन सर्वात शेवटी निघाला.