मागच्या तारखेचा फोटो

वैनगंगेकाठच्या बालाघाटात कोणाला फोटोवर तारीख हवी असली की माणसं गोपाळकृष्णाच्या स्टुडिओत जात. तारीख म्हणजे फोटोच्या खालच्या कोपऱ्यात उमटणारे नारिंगी आकडे. बाकीचे स्टुडिओवालेही ते आकडे छापत, पण ते बापडे जो दिवस असेल तोच छापत. गोपाळकृष्ण आधी विचारायचा, "कोणती टाकू?"

यात त्याला वावगं काही वाटत नसे. वडील तहसीलीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आजोबा शाळा तपासनीस. फाईल कशी अडते आणि कशी सुटते, हे ज्ञान त्याला घरातच मिळालेलं. नोकरीच्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर त्यानं कॅमेरा धरला, तेव्हा वडिलांनी कपाळावर हात मारला होता. पण फायलींनी त्याची पाठ सोडली नाही. मास्तरांचा रजेचा अर्ज उशिरा गेला, कोणाच्या पोरीचा फॉर्म राहिला, टिकाराम ठेकेदाराची लालबर्रा रोडवरची पुलिया, म्हणजे छोटा पूल, मुदत संपल्यावर दीड महिन्यानं उभी राहिली, की सगळे त्याच्याकडे. तो कॅमेऱ्यात तारीख मागे न्यायचा, फोटो काढायचा आणि तारीख परत पुढे आणायचा. पुढे आणायला कधीमधी विसरायचा.

"अहो, एक दिवस या तारखा तुमच्याच गळ्यात येतील," बायको कालिंदी म्हणायची.

"कोणाचं नुकसान होतं का?" हा त्याचा ठरलेला जबाब. आणि खरंच, पंधरा वर्षांत कोणाचं झालं नव्हतं.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा होऊन सहा दिवस झाले होते. सकाळी शेवंताबाई स्टुडिओत आल्या, मागे रुख्माबाईला घेऊन. शेवंताबाईंची ओळख वॉर्डात कोणाला करून द्यावी लागत नसे. आधी जिल्ह्यातल्याच खैरलांजीला आणि मग इथल्या सरकारी दवाखान्यात मिळून तीस वर्षं नर्स. वॉर्डातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. गोपाळकृष्णाचा अपूर्व पायाळू होता, डॉक्टर जागेवर नव्हते, तेव्हा मायलेकरांना वाचवणाऱ्या त्याच. रिटायर झाल्यावरही कोणाचं बीपी बघ, कोणाचा फॉर्म भर, असं चालूच. रुख्माबाई त्यांच्या शेजारची, मागच्या वर्षी नवरा गेलेली.

"भाऊ, इच्या पेन्शनचा फॉर्म राह्यला," शेवंताबाई म्हणाल्या. "बाबू म्हणते, सप्टेंबरची तारीख असलेला फोटो आणा, तं तुमाले मागच्या लिस्टीत घुसवतो. मले हे असं आवडत नाही. पण नाही तं हे वर्षभर फिरन बिचारी."

"एवढंच ना!" गोपाळकृष्ण म्हणाला. त्यानं पंचवीस सप्टेंबर टाकली, रुख्माबाईला पदर नीट करायला सांगितला आणि बटण दाबलं.

निघताना शेवंताबाई म्हणाल्या, "कॅमेरा घेऊन तलावावर येता का? तमाशा पाहा आपल्या लोकायचा."

तलावावर खरोखरच तमाशा होता. विसर्जन करून मंडळं मोकळी झाली होती आणि पाणी उतरल्यावर देवीच्या मूर्ती चिखलात उघड्या पडल्या होत्या. कुठे रंग गेलेला चेहरा, कुठे नुसता हात, आतलं भाताचं तणस बाहेर आलेलं, त्यावर डुकरं लोळत होती. नऊ दिवस जिच्यापुढे लाऊडस्पीकर फोडले तिच्याकडे विसर्जनानंतर सहाव्या दिवशी कोणी ढुंकून पाहत नव्हतं. शेवंताबाई स्वतः बौद्ध, देवीच्या आरतीला कधी गेल्या नाहीत. पण त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी एका भाजीवाल्याची ट्रॉली मागून आणली, पाण्यानं धुऊन घेतली आणि आठ-दहा बायकांना घेऊन चिखलात उतरल्या. एकेक तुकडा उचलून ट्रॉलीत ठेवायचा आणि वैनगंगेच्या खोल पाण्यात नेऊन सोडायचा. गोपाळकृष्णानं पुष्कळ फोटो काढले. त्यातला एक फारच चांगला आला. साडी खोचलेल्या शेवंताबाई, त्यांच्या हातात देवीचं एका हाताचं धड, मागे ट्रॉली, आणि कडेनं मदतीला आलेला रुख्माबाईचा गोंदलेला हात. कोपऱ्यात नारिंगी आकडे: पंचवीस सप्टेंबर. म्हणजे नवरात्रातली सप्तमी.

ते आकडे त्याच्या ध्यानातच आले नाहीत. नागपूरला शिकणाऱ्या अपूर्वनं त्याला ऑर्कुटवर खातं उघडून दिलं होतं, तिथे तो गावाचे फोटो टाकायचा. हाही टाकला. खाली लिहिलं, "आमच्या वॉर्डातल्या बायकांचं काम." दोन दिवसांत एकतीस जणांनी वाहवा केली आणि गडी खूश.

नोव्हेंबरात नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या. वॉर्डातली पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, जागा बायकांसाठी राखीव निघाली. लोकांनी भरीस घातलं म्हणून शेवंताबाई अपक्ष उभ्या राहिल्या. समोर टिकाराम ठेकेदारानं आपल्या बायकोला, मैनाबाईला, उभं केलं. पोस्टरवर मैनाबाईचा फोटो बोराएवढा आणि टिकारामचा कलिंगडाएवढा. पहिले आठ दिवस शेवंताबाईंचीच हवा होती. नळाला पाणी कधी येतं आणि का येत नाही, हे त्यांना नगरपालिकेपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नवव्या दिवशी सकाळी कालिंदीनं त्याच्यासमोर मोबाईल धरला. तिच्या शाळेतल्या एका बाईनं मेसेज पाठवला होता. "नवरात्रि में माँ की मूर्ति तोड़कर कचरे की ट्रॉली में फेंकी। फोटो देखो, तारीख देखो। इसको वोट दोगे? नौ लोगों को भेजो, शाम तक शुभ समाचार मिलेगा।" दुपारपर्यंत तो फोटो ऑर्कुटवर चार ठिकाणी आला. संध्याकाळी पानठेल्यावर माणसं मोबाईलला मोबाईल लावून ब्लूटूथनं तो एकमेकांना देत होती, तंबाखू द्यावी तशी. दुसऱ्या दिवशी त्याच्या झेरॉक्स निघाल्या आणि ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांचीही सोय झाली.

फोटो गोपाळकृष्णाचा, अँगल त्याचा, आकडे त्याचे. सप्तमीला वॉर्डातल्या कोणत्या मंडळाची मूर्ती जागेवरून गायब झाली होती, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. रोज संध्याकाळी हेच लोक आरतीला टाळ्या कुटत उभे होते. मूर्ती तुटलेली असती तर दिसली नसती का? पण नाही. मोबाईलवर आलं म्हणजे झालं! शिकलेले तर जास्त नासले होते. बँकेतले एक साहेब पासपोर्ट फोटोला आले आणि सांगून गेले, "फोटो कुछ भी हो, झूठ नहीं बोलता." ज्यांच्या सुनांची बाळंतपणं त्या बाईनं केली, ती घरं तिला पाहून दार लावून घ्यायला लागली. एका रात्री कोणीतरी शेवंताबाईंच्या ओट्यावर कचऱ्याची टोपली ओतली. त्या गोष्टीचाही फोटो निघाला आणि तोही फिरला.

त्याच दिवशी शेवंताबाई स्टुडिओत आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, उद्या पाण्याच्या टाकीपाशी सभा आहे. तुमी फक्त एवढं सांगा, का फोटो दसऱ्यानंतरचा आहे. बाकी काही नको. पार्षद नाही झाली तं नाही झाली, पण मूर्ती तोडणारी म्हणून मले मरायचं नाही."

"सांगतो ना बाई," तो म्हणाला. "मी नाही तर कोण सांगणार?"

त्या गेल्यावर कालिंदी म्हणाली, "आणि तारीख कशी मागे गेली विचारलं तर?"

त्याच्या डोळ्यांपुढे एकेक फाईल यायला लागली. एखादा अधिकारी खवळला आणि नारिंगी आकडे तपासायला बसला तर? धंदा बुडेल, वर फसवणुकीचा गुन्हा. शिवाय रुख्माबाईची पेन्शन नुकतीच मंजूर झाली होती. पण मग अपूर्वच्या जन्माची ती दुपार आठवली आणि त्याला स्वतःच्याच भीतीची किळस आली. सांगायचंच, असं त्यानं ठरवलं.

टाकीपाशी अख्खा वॉर्ड लोटला होता. प्रचाराला कधी एवढी गर्दी होत नाही. चिखल उडणार म्हटलं की होते. टिकारामही बोलावल्याशिवाय पुढे येऊन बसला होता. गोपाळकृष्णानं माईक घेतला.

"हा फोटो मी काढला. दसऱ्यानंतर सहा दिवसांनी, तलावावर. या बाई मूर्ती तोडत नव्हत्या, चिखलातून उचलत होत्या. कॅमेऱ्यात तारीख चुकीची होती."

एक-दोन माना हलल्याही. तेवढ्यात टिकाराम उठला. आवाज चढवला नाही, उलट मायेनं बोलला.

"गोपाळभाऊ, चुकीची म्हणजे कशी? आपोआप गेली, का तुमी मागं केलती?"

"मी केली होती. एका कामासाठी."

"वाह! म्हणजे तुमच्या फोटोवरच्या तारखा खोट्या राह्यते. सुनो भई सुनो! मंग सांगा ना, कोणासाठी मागं केलती? अजून कोणाकोणासाठी करता? आज सगळ्यायची नावं होऊन जाऊ द्या."

गोपाळकृष्णानं समोर पाहिलं. पुढच्या रांगेत रजेवाले मास्तर बसले होते, ते चपलेचा अंगठा पाहायला लागले. त्यांच्या मागे फॉर्म राहिलेल्या पोरीचा बाप, त्याच्या मागे तीन-चार पेन्शनवाले. अख्ख्या वॉर्डात असं घर नव्हतं की ज्याच्या कुठल्यातरी फायलीत गोपाळकृष्णाची तारीख लागली नसेल. एकालाही ती खोटी ठरायला नको होती. बायकांत रुख्माबाई बसली होती. तिनं गोंदलेला हात हळूच पदराखाली घेतला.

आणि विचारणारा कोण, तर टिकाराम! लालबर्रा रोडच्या पुलियाच्या फोटोसाठी हाच माणूस पेढे घेऊन आला होता. ते नाव गोपाळकृष्णाच्या जिभेवर आलं होतं. 'तुझ्यासाठी केली होती,' एवढं म्हणायचं होतं फक्त. पण ते नाव काढलं की पुलिया निघणार, पुलियामागून फाईल, फायलीमागून स्वतः गोपाळकृष्ण. दोन पिढ्यांचं सरकारी रक्त आयत्या वेळी थिजलं.

"आता नेमकं आठवत नाही," तो माईकमध्ये म्हणाला.

गर्दीतून हशा उठला. त्या हशात सुटकेचा सुस्कारा होता, तो त्याला स्पष्ट ऐकू आला. मास्तरांनी मान वर केली. मागून कोणीतरी ओरडलं, "कितने में बिके, भैया?"

शेवंताबाई जागेवरून उठल्या. रुख्माबाईकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. त्या सकाळी तिला स्टुडिओत आपणच नेलं होतं, एवढं त्या सांगू शकत होत्या. त्याऐवजी गोपाळकृष्णाच्या हातातला माईक काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"राहू द्या भाऊ. तुमाले जमत नाही," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

डिसेंबरात निकाल लागला. मैनाबाई सातशेच्या वर मतांनी निवडून आल्या. शेवंताबाईंना एकशे बारा पडली. निकालानंतर रुख्माबाई स्टुडिओत आली, पेन्शनच्या पासबुकाला फोटोची कॉपी पाहिजे होती. गोपाळकृष्णाला राहवलं नाही.

"तू तर स्वतः चिखलात होतीस बाई. तुझा हात आहे फोटोत. काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं माही पेन्शन गेली असती ना," ती म्हणाली. मग जरा थांबून, अगदी भाबडेपणानं, "अन् भाऊ, आता मलेही वाटते, सप्तमीच असन. एवढ्या लोकायच्या मोबाईलात आहे तं."

त्यानं कॉपी काढून दिली. ती गेल्यावर मोरीत जाऊन तो बराच वेळ थुंकत राहिला, पण तोंडाची चव गेली नाही. शेवंताबाई हल्ली स्टुडिओवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जात.

जानेवारीत टिकाराम हारतुरे घालून मैनाबाईला घेऊन आला. पार्षदपदाचा मोठा फोटो पाहिजे होता, नगरपालिकेत लावायला आणि नेटवर टाकायला. मैनाबाई स्टुलावर बसल्या, टिकाराम अर्धा त्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. गोपाळकृष्णानं लाईट लावले, कॅमेरा उचलला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तारीख कोणती टाकू?"

टिकारामनं मिशीवरून हात फिरवला.

"आजची टाका ना गोपाळभाऊ. खरी टाका. आता कशाले मागची पाह्यजे?"

गोपाळकृष्णानं खरी तारीख टाकली आणि बटण दाबलं.