काठाले न बांधलेली नक्षी

आमची तृप्ती भित्री नाही. शाळेत असताना अंगणात आलेली धामण तिनं शेपटीले धरून कुंपणापार फेकली होती. म्हणून त्या सकाळी आठ वाजता ती माझ्या हातमागापाशी येऊन बसली अन् तिचे दात वाजून राहिले होते, तवा मी हातातला धोटा बाजूले ठेवला.

मी परसराम, मोहाडीचा, कोसा रेशमाचं कापड विणणारा. पोरगी चेन्नईले भौतिकशास्त्रात पीएचडी करते. अकरा वाजता तिले घरूनच, कम्प्युटरवर, पाच परीक्षकांसमोर तीन वर्षांचं काम सांगायचं होतं.

"बाबा, माझं काम चुकलं."

"काहीबाही नको बोलू! काय चुकलं?"

ती सांगत गेली. धातूतून वीज कशी वाहते, ते सरळ गणितानं निघत नाही. म्हणून हे लोक कागदावर एक मिती जास्तीची असलेलं जग मांडतात, आत कृष्णविवर असलेलं. त्या जगाच्या काठावर जे दिसते, ते आपल्या धातूचं उत्तर. "धातू सगळीकडं एकसारखा धरला तर वीज कुठं अडतच नाही. खऱ्या धातूत अडते. म्हणून मी एकसारखेपणा मोडला, आत नक्षी टाकली. पण ती नक्षी आतच उगवली बाबा, काठाले बांधलीच गेली नाही. आता अख्खी नक्षीच वाहत जाते अन् वीज अडतच नाही. अन् मी तं वीज अडते म्हणून शोधनिबंधात छापून बसली!"

नवल म्हणजे, हे मले समजलं. उभ्या दोऱ्यांचा ताणा खुंट्याले बांधला नसला तर किती का बुट्ट्या टाका, सारं कापड सरकत येते.

"कोणाच्या ध्यानात आलं?" मी विचारलं.

"अजून कोणाच्याच नाही."

"मंग चूप राह!"

बोलून गेलो. भेवानं बोललो. तीन वर्षं, पोरीचं नाव, सारं पाण्यात जाताना दिसलं मले.

आमच्या घरची एक रीत आहे. विणताना चूक झाली अन् निघत नसली, तं त्या जागेसमोर काठात लाल दोरा बांधायचा. घेणाऱ्यानं शोधायच्या आधी आपणच दाखवायची. मागावरच्या लुगड्याले तसा एक दोरा लोंबून राहिला होता. तृप्तीनं तो बोटात धरला.

"हा काहून बांधला तुम्ही?"

"कापडाची गोष्ट अलग हाये!" मी खेकसलो. ती उठून आत गेली.

अकरा वाजता मी दाराआड उभा होतो. इंग्रजी मले समजत नाही. पण पडद्यावर पहिलंच पान आलं, त्यावर तिचा आलेख, अन् पानाच्या काठाले एक जाड लाल रेघ. ती बोलू लागली. मंग परीक्षक एकामागून एक विचारू लागले. किती वेळ चाललं ते मले सांगता येत नाही, मी देवाचं नावबी विसरलो होतो.

तासाभरानं बाहेर आली.

"काय म्हणे?"

"छापलेलं मागं घ्यायचं. सारं नव्यानं करायचं. वेळ देतील का नाही, ते मंग कळवतील." तिनं माझा हात धरला. "बाबा, लय भेव लागून राहिलं."

"मलेबी, माय."

पत्र अजून आलं नाही. रोज ती फोन पाहते अन् मी तिचं तोंड पाहतो. पण विणता विणता एकच विचार येते, पोरीनं त्या सकाळी माझं ऐकलं असतं तं? अन् हातातला धोटा थांबते.