खालचे काका आणि क्रोशाची सुई

सुताच्या बाबतीत खोटं बोलून आमच्या खालच्या काकांपुढून सहीसलामत निसटलेला दुकानदार इंदुरात जन्माला यायचा होता. खालचे काका म्हणजे जुनी इंदूरमधल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणारे. आमच्याशी नातं काही नाही, पण आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत मात्र असायचं. सगळं आयुष्य त्यांनी एका कापड मिलच्या सूत तपासणी खात्यात काढलं होतं. कातलेलं सूत चिमटीत धरून नुसतं फिरवायचे आणि सांगायचे, हे तीस नंबरचं, हे चाळीसचं, आणि हे ज्यानं कातलं त्याचं काल घरी भांडण झालं होतं. मग एकामागून एक मिली बंद पडल्या, त्यांचीही पडली. कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी पिथमपूरच्या कारखान्यांत गेलं. काका घरातलं सूत तपासू लागले. उशांचे अभ्रे झाले, शेजारणींच्या वाळत घातलेल्या साड्या झाल्या, एकदा पूजा सांगायला आलेल्या गुरुजींचं उपरणं हातात घेऊन "महाराज, यात सूत निम्मंच आहे" असं भर संकल्पात सांगून झालं. शेवटी काकू वर आल्या आणि मला म्हणाल्या, "मिल बंद झाली, पण आमचं तपासणी खातं चालूच आहे. यांना कायतरी काम दे गं बेटा."

मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, दुपारी खिडकीत बसून क्रोशाचा टेबलक्लॉथ विणायची. शाळेत शिकले होते तेवढंच. काका एक दिवस हात मागे बांधून समोर उभे राहिले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "एकाच सुईवर इत्तं सगळं? आणि सुताचा ताण कोण पकडतो?" मी डाव्या हाताचं बोट दाखवलं. काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मिल पुन्हा चालू झाल्याची खबर आली. दुसऱ्या दिवसापासून ते माझे विद्यार्थी झाले. शिकवताना माझ्या नाकी नऊ आले, कारण सैल टाका हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. साखळ्या इतक्या करकचून ओढायचे की पुढच्या ओळीला त्यात सुईच शिरेना. "ढिलं सूत म्हणजे रिजेक्ट माल, बेटा," हे वर आणि मलाच. त्यांची पहिली टोपी टेबलावर वाटीसारखी ताठ उभी राहिली. काकूंनी तिच्यात लसूण ठेवला. पण महिना होता होता त्यांचा हात असा काही बसला की खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, त्यांच्या ओळी बघून मी माझा टेबलक्लॉथ गुपचूप उसवला.

ते विणायचे फक्त लहान बाळांसाठी. टोपी, मोजे, झबलं, दुपटं. मोठ्या माणसांना ते विणून देत नसत, कारण मोठी माणसं वस्तू कशी वापरतात याचा त्यांना फार वाईट अनुभव होता. हे काम पाळीप्रमाणे चाले. सातला आंघोळ करून खुर्चीवर, अकराला अर्ध्या तासाची सुट्टी, तीनला काम बंद. तीन वाजले की खांब अर्धा राहिला असला तरी सुई खाली. आठवड्याची सुट्टीही मिलची होती त्याच वारी. विणून झालं की चष्मा बदलून ते स्वतःच तपासनीस व्हायचे आणि दहातल्या तीन वस्तू नापास करून उसवायचे. आपल्याच मालावर इतका राग काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढं करून पास झालेली वस्तू ज्या घरी जाई तिथं दोन पोरं तरी वापरत, आणि मापाबद्दल कुणी तक्रार केलीच तर काका पोराकडे संशयानं बघत.

सूत निवडायला त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे धाडसच. खिशात कायम काडेपेटी, आणि माणूस विडीला शिवत नसे. दुकानदार "प्योर वूल है काकाजी" म्हणाला की हे टोक तोडून पेटवायचे. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागदाचा आला तर सूत, आणि वितळून कडक मणी झाला तर मग दुकानदाराचं काही खरं नाही. एकदा काउंटरवरच्या वर्तमानपत्रानं पेट घेतला आणि मालक पाण्याचा लोटा घेऊन धावला, "अरे भिया, दुकान फूँकोगे क्या?" काका शांतपणे म्हणाले, "दुकान कॉटन असतं तर इत्ता धूर नसता." बाळाची कातडी ओठांसारखी असते असं त्यांचं म्हणणं, म्हणून सूत वरच्या ओठावर घासून बघायचे. मिशी आड येते म्हटल्यावर तरुणपणापासून राखलेली झुपकेदार मिशी त्यांनी एका सकाळी उतरवली. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. बाळ सगळं तोंडात घालतं, तेव्हा रंगाची परीक्षाही तोंडातच. अर्धा तास सूत चघळून ते माझ्या दारात जीभ काढून उभे राहिले होते, जीभ पोपटी हिरवी. "हे बघ! हे पोराच्या पोटात गेलं असतं!" पोराऐवजी ते आपल्या पोटात गेलंय याचं त्यांना काहीच नव्हतं.

तेव्हा बाजारात रोज नवं काही येत होतं. बाळाला द्यायला लोक चकचकीत खोके आणू लागले, आत झबलं, साबण, पावडर, वर गोऱ्या बाळाचं चित्र. काका ते झबलं गालाला लावून म्हणायचे, "चित्रातलं पोर रडत नाही, कारण त्यानं हे घातलेलं नाही." लोक हसत, खोकी आणत, आणि बाळाला शेवटी काकांचंच घालत.

माझं पहिलं गरोदरपण अर्ध्यातच संपलं होतं. त्यामुळे दुसऱ्या वेळी सासूबाई जीव मुठीत धरून वावरत होत्या. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही करायचं नाही, आणि बारशापर्यंत त्याच्या अंगाला नवं सूत लावायचं नाही, जुनेरच वापरायचं, ही घरची रीत त्या डोळ्यांत तेल घालून पाळत होत्या. आणि साडेसात महिन्यांतच मुलगी झाली. दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जगेल का, हे डॉक्टरही सांगेनात. नर्स म्हणाली, "सिर से ही गरमी निकल जाती है, सूती टोपी लाओ, छोटी." बाजारातली सगळ्यात लहान टोपी तिच्या हनुवटीपर्यंत आली. आणि घरी सासूबाई रडत होत्या, नवी टोपी नको, एकदा हातचं गेलंय, मी रीत मोडणार नाही. त्यांच्यावर रागावण्याचं बळ माझ्यात नव्हतं. त्यांची भीती आणि माझी भीती एकच होती.

काका हे ऐकून तडक समोरच्या घरी गेले. तिथल्या पोरासाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी टोपी विणली होती. दिलेली भेट परत मागायला जाणारा माणूस आमच्या गल्लीनं त्या दिवशी प्रथमच पाहिला. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली ती टोपी त्यांनी सासूबाईंसमोर बसून उसवली. "वहिनी, घातलेलं सूत आहे. हे तर चालेल ना?"

"सूत जुनं, पण टोपी नवीच ना?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही. सूत कातलं त्या दिवसापासून मालाचं वय मोजतात. मिलचा कायदा आहे."

असा कायदा कुठल्याच मिलमध्ये नसणार हे सासूबाईंना कळत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कायदा असेल तर चालेल."

नजरेचं माप काकांना चालत नसे. नर्सनं बाळाच्या डोक्याभोवती पट्टी धरून तेवढीच कापून दिली आणि माझ्या नवऱ्यानं ती खिशातून आणली. काकांनी ती तळहातावर ठेवली. "इत्तीशी?" एवढंच म्हणाले. मग सुई उचलली. त्या दिवशी अकराची सुट्टी झाली नाही आणि तीनही वाजले नाहीत. एरवी करकचून ओढणाऱ्या त्या हातानं टाके असे सैल घेतले होते की टोपी हातात घेतल्याचं कळू नये. संध्याकाळी ती माझ्या मुलीच्या डोक्यावर होती. तिनं दुसऱ्या कुणाचं काय ऐकलं माहीत नाही, पण टोपीचं ऐकलं असावं. ती राहिली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक काडेपेटी सांगतात, हिरवी जीभ सांगतात. मला मात्र मुलीला घरी आणल्यानंतरची एक सकाळ दिसते. टोपी तिला घट्ट होऊ लागली होती आणि काकांना ते कसं सांगावं या विचारात मी होते. तेवढ्यात ते स्वतःच वर आले. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी टोपी चढवायला घेतली, ती अर्ध्या डोक्यावरच अडली. त्यांनी पुन्हा ओढून बघितली. मी म्हटलं, "काका, माप बरोबरच होतं, तीच..." पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. टोपी मुठीत धरून ते जिन्याशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात खाली ओरडले, "अगं ऐकलंस का? आपली टोपी हिला छोटी झाली!" आणि मग तिथंच, आमच्याकडे पाठ करून, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले.