तेवीस वर्षांचं मांजर

बस डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, वेळापत्रकाची खोली आहे. खोलीत दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर सगळ्या मार्गांचा एक मोठा तक्ता. त्या तक्त्याच्या कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे चार-चार थर बसलेत. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना डेपोत साहेब म्हणत, घरी अहो म्हणत, आणि इंटरनेटवरच्या प्रोग्रॅमिंगच्या एका ग्रुपमध्ये हजारभर माणसं मुद्देकाका म्हणत. ‘कृपया मुद्द्यावर या’ हे वाक्य त्यांनी तिथे इतक्या वेळा लिहिलं होतं, की नुसता ‘कृ’ टाइप केला तरी कॉम्प्युटर पुढचं आपणहून लिहून द्यायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. अकरा वर्षांपूर्वी डेपोचा जुना प्रोग्रॅम त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हा त्यांनी बिचकत याच ग्रुपवर पहिला प्रश्न टाकला होता. उत्तरं सतरा आली. सहा जणांनी ‘आधी शोधून बघा’ म्हटलं, चौघांनी त्यांची भाषा कशी कालबाह्य आहे ते सांगितलं, आणि उरलेले सात जण खुर्चीला हात असावेत की नसावेत यावर भांडत बसले. मुद्देकाकांना उत्तर मिळालं नाहीच, शिवाय ते आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे जुना ॲडमिन कंटाळून निघून गेला आणि ती जागा यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी पहिला नियम केला: नवख्या माणसाला ‘एवढंही येत नाही का’ असं विचारायचं नाही. नियम चांगलाच होता. पण एक केला की दुसरा सुचतो. बघता बघता नियम एकतीस झाले, आणि नववा त्यांचा लाडका होता: प्रश्नाशी संबंध नसलेलं एक अक्षरही लिहायचं नाही.

या नवव्या नियमाशी ज्याचं कायमचं वाकडं, तो सभासद म्हणजे लिफ्टवाले. दिवसभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि सामानाची नोंद ठेवायला स्वतःच लहानसहान प्रोग्रॅम लिहायचे. ज्ञान पक्कं, पण जिभेला हाड नाही. फाइल कशी उघडायची असं कुणी विचारलं, की हे आधी आठव्या मजल्यावर अडकलेल्या एका नवरदेवाची हकिकत सांगणार आणि मग फाइलीकडे वळणार. वळले तर.

त्या वर्षी, म्हणजे पंचवीस साली, एका सोमवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आला. दवाखान्यातल्या जनावरांना लस कधी द्यायची याची यादी काढणारा प्रोग्रॅम त्यांनी हौसेने स्वतःच लिहिला होता. पण काही जनावरं यादीत येतच नव्हती. नमुना म्हणून त्यांनी यादीचा एक तुकडा जोडला होता: नाव, जात, वय, शेरा.

दहा मिनिटांत लिफ्टवाल्यांनी लिहिलं, “बाई, ओळ चौथी. तेवीस वर्षांचं मांजर?”

झालं. कुणी म्हणालं, असतात. कुणी म्हणालं, शक्यच नाही. एकाने आपल्या आत्याचं मांजर एकोणीस वर्षं जगल्याचं सांगितलं, तर दुसऱ्याने आत्याला दोन मांजरं असतील आणि तुम्हाला एकच वाटलं असेल, अशी शंका काढली. त्यावर आत्याचा भाचा चिडला. दुपारपर्यंत एकशे ऐंशी मेसेज झाले. डॉक्टरीणबाई मधूनच विचारत होत्या, “पण माझ्या यादीचं काय?”

मुद्देकाका डेपोतून सारखे लिहीत होते, “कृपया मुद्द्यावर या.” कुणी येईना. शेवटी त्यांनी मांजराचे सगळे मेसेज पुसले आणि लिफ्टवाल्यांना पंधरा दिवसांसाठी ग्रुपबाहेर काढलं. त्यांचा शेवटचा मेसेज होता, “काका, मी मुद्द्यावरच आहे. ते मांजर तेवीस वर्षांचं नाही.” तोही पुसला गेला.

ग्रुप एकदम शांत झाला. इतका, की प्रश्नाला उत्तर द्यायलाही कुणी उरलं नाही. तेव्हा मुद्देकाकांनी तो प्रश्न स्वतःच्याच अंगावर घेतला. नवख्या बाईला आपल्या ग्रुपवरून रिकाम्या हाती पाठवायचं नाही, ही त्यांची जिद्द होती आणि ती खरी होती. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप बाजूला ठेवून डॉक्टरीणबाईंचा प्रोग्रॅम ओळ-ओळ वाचायचे. बुधवार गेला, गुरुवार गेला. चूक सापडेना.

रविवारी सकाळी बायको शेजारी येऊन बसली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि प्रोग्रॅमिंगशी तिचा संबंध एवढाच, की त्यापायी नवरा हाकेला ओ देत नसे.

“काय शोधताय चार दिवस?”

“काही जनावरं यादीतून गळतात. का गळतात ते कळत नाही.”

तिने पडद्यावरची यादी वाचली. “अहो, हे मांजर तेवीस वर्षांचं कसं?”

“तो विषय नाही गं.”

“नसेल. पण माझ्या मामेबहिणीचं मांजर सोळाव्या वर्षी ठार बहिरं झालेलं, आंधळंही. हे तेवीस वर्षांचं, आणि त्याच्यापुढे ‘उड्या मारताना पाय मुरगळला’ असं लिहिलंय.”

मुद्देकाका ‘कृपया’ म्हणायला गेले आणि थांबले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “मॅडम, चौथ्या ओळीतल्या मांजराचं कार्ड जरा काढता का?”

पलीकडे कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. “जन्मतारीख दोन-पाच-एकवीस. चार वर्षांचं आहे हो. मीही म्हणत होते, तेवीस कसं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणालात ना, मांजराचं काढायचं नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कार्डावर आधी दिवस, मग महिना, मग साल. प्रोग्रॅम मात्र पहिला आकडा साल समजत होता. दोन तारखेला जन्मलेलं मांजर त्याच्या हिशेबी दोन साली जन्मलं. अठरा तारखेचा कुत्रा अठरा सालचा झाला, आणि ते वय पटण्यासारखं असल्याने कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. आणि सव्वीस तारखेपासून पुढे जन्मलेली सगळी जनावरं सव्वीस, सत्तावीस, तीस सालची, म्हणजे अजून जन्माला यायचीच होती. जी जन्मलीच नाहीत त्यांना लस कशाला, म्हणून प्रोग्रॅम त्यांना गाळत होता. प्रोग्रॅम मोठा सरळमार्गी निघाला.

अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी एकेचाळीस घरी फोन करून जनावरांना बोलावून घेतलं. एक कासवही होतं, त्याची घाई नव्हती.

आता प्रश्न लिफ्टवाल्यांचा. मुद्देकाका दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्यांनी लिफ्टवाल्यांना ग्रुपात परत घेतलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं: “चूक माझी होती. लिफ्टवाले पहिल्या दहा मिनिटांत बरोबर बोलले होते. मी वाचलं नाही, पुसलं. माफ करा.”

तीन मिनिटांनी आत्याच्या भाच्याचा मेसेज आला: “काका, नियम नऊ. माफी प्रोग्रॅमिंगमध्ये बसते का?”

एकाने लिहिलं, बसते, कारण चूक प्रोग्रॅममधली होती. दुसऱ्याने लिहिलं, चूक ॲडमिनमधली होती. तिसऱ्याने एकतीस नियम पुन्हा वाचून काढले आणि सतराव्यात शुद्धलेखनाची चूक दाखवली. मेसेज दीडशेच्या वर गेले. मुद्देकाकांची बोटं दोनदा ‘कृ’पाशी गेली, दोनदा मागे आली.

लिफ्टवाल्यांचं मात्र उत्तर नाही. माणूस दुखावला, असं मुद्देकाकांच्या मनाने घेतलं. जेवताना बायकोलाही तसं म्हणाले. ती म्हणाली, “दुखावणारच. जेवा.”

चौथ्या दिवशी लिफ्टवाल्यांचा मेसेज आला. “काका, मला काढलं होतं हे आत्ता वाचतोय. मला वाटलं ग्रुप शांत आहे. म्हटलं बरं झालं, लोक सुधारले. तेवढ्यात दोन इमारतींच्या लिफ्टची कामं उरकली. ते मांजर कसं आहे?”

मुद्देकाकांनी नियम तसेच ठेवले. फक्त पहिले दहा मेसेज होईपर्यंत गप्प बसायचं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं. ते त्यांना जड जातं.

परवा डेपोत एक जुने ड्रायव्हर वेळापत्रकाच्या खोलीत आले. अकरा नंबरच्या गाडीबद्दल बोलायचं होतं म्हणाले. मग त्यांनी पुतणीच्या लग्नापासून सुरुवात केली, तिथून घराच्या रंगावर आले, रंगावरून गुडघ्यावर. मुद्देकाका पेन खाली ठेवून ऐकत राहिले. यात कुठेतरी अकरा नंबर असणार, सापडेल, म्हणून कान देऊन बसले. चहा गार झाला. चाळीस मिनिटांनी ड्रायव्हर उठले, “बरं वाटलं साहेब बोलून,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

अकरा नंबरचं काय होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.