रापणीत न सापडलेलं घुबड

ते घुबड आठवलं की आजही माझी मान ताठ होते. ऐंशीच्या दशकात मालवण ठाणं माझ्याकडे होतं. खबऱ्यानं बातमी आणली, बांद्याचा एक व्यापारी लॉजवर पुरातन ग्रीक नाणी विकायला बसलाय. छापा घातला, पंचांसमक्ष नाणी जप्त केली. चांदीची, एका बाजूला देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घुबड.

व्यापारी भलताच थंड डोक्याचा. म्हणाला, "देवबागच्या मच्छीमाराकडून घेतली, साहेब. त्याला रापणीत सापडली." नाव दिलं ते त्याला सुकी मासळी पुरवणाऱ्या गरीब माणसाचं. त्याला चौकशीला आणलं आणि गावात बोभाटा झाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. त्यात येईल ते सगळ्यांत वाटायचं. लपवणाऱ्याला तिथे माफी नाही.

"साहेब, माका तुरुंगात घाला," तो म्हणाला, "पण माका रापणीतसून काढल्यानी. आजपर्यंत एक बांगडो लपवूक नाय मी."

एक नाणं मुंबईच्या तज्ज्ञांकडे धाडलं. लेखी अभिप्रायाआधी त्यांनी फोनवर खूण सांगितली: खरी नाणी हातोड्यानं ठोकून पाडलेली, त्यामुळे चित्र दरवेळी थोडं सरकतं आणि कडेची चीर प्रत्येकाची निराळी. भिंग घेऊन बसलो. प्रत्येक नाण्यावर, घुबडाच्या पायाशी, तीच चीर त्याच जागी. सगळा माल एकाच साच्यात ओतलेला.

व्यापाऱ्याला पुन्हा समोर बसवलं. "जाळं ओढताना कोण कोण होतं?"

"तो एकटाच, साहेब. कुणाला कळू नये म्हणून."

आमच्या हवालदाराला हसू आवरेना. अर्धा गाव दोराला लागतो तेव्हा कुठे रापण किनाऱ्याला येते. बाजारपेठेत वाढलेल्या या गड्याला ते ठाऊकच नव्हतं. मी नाणी ओळीनं मांडली आणि भिंग त्याच्याच हातात दिलं. चेहरा खर्रकन उतरला. झडतीत त्याच्या परसातल्या खोपटात साचा मिळाला.

मच्छीमाराला मी स्वतः जीपमधून देवबागला नेलं. बातमी आधीच पोचली होती. रापण ओढणं चालू होतं. म्होरक्यानं मान न वळवता सांगितलं, "ये रे, दोर धर. तुझो वाटो ठेवलेलो आसा."

तो रडत रडत धावला. चोर पकडला की काम संपलं, असं मी तोवर मानत होतो. निर्दोष माणसाला त्याच्या जागेवर परत नेऊन उभं केल्याशिवाय तपास पुरा होत नाही, हे त्या वाळूत शिकलो. मग बूट काढले आणि मीही दोर धरला.