बाबांच्या पानावरचा पाहुणा
आंबेमोहोर शिजायला लागला की मला कुकटपल्लीची आमची गच्ची आठवते. बाबांच्या वर्षश्राद्धाला कावळा काही पानाला शिवेना. दिवस मावळला तरी आई उपाशीच. शेवटी भावाने जंगलात लावायचा त्याचा कॅमेरा पानासमोर बांधला आणि तिला बळेच दोन घास भरवले. सकाळी पान चाटूनपुसून साफ, आणि गच्चीवर ताज्या भाताचा घमघमाट! कॅमेऱ्यात मध्यरात्री लांब शेपटीचं उदमांजर मजेत खीर चाटत होतं. "त्याच्याच अंगाला येतो हा वास," भाऊ म्हणाला. आई कितीतरी महिन्यांनी खुदकन हसली. "हौ ना! कारखान्यातली सेकंड शिफ्ट करून आल्याशिवाय हे कधी जेवलेत?" तेव्हापासून तिने कावळ्याचा नाद सोडलाय; पान ती रात्रीच वाढते, खीर जरा जास्तच.