कारण : इतर

माझी सून डिझेल मशीनची मेकॅनिक आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग तिच्या हातांकडे. हात लहान आहेत तिचे. जिथे इतरांचा पंजा अडकतो तिथे तिचा मनगटापर्यंत सहज जातो, म्हणून खाणीतले लोक तिला 'चिमटा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते.

दगडखाणीच्या वसाहतीत मुलगा, सून आणि मी असे तिघं राहतो. दोन खोल्या, वर पत्रा, खिडकी एकच आणि तीही खाणीच्या बाजूला, त्यामुळे कायम बंद. उघडली की दहा मिनिटांत ताटांवर पांढरा थर बसतो. बाहेर जायला रस्ता एक, त्यावर फाटक. सकाळी मी तिथपर्यंत चालत जाते आणि परत येते. तीन वर्षं झाली. नात शहरात तिच्या मावशीकडे शिकते. नऊ वर्षांची आहे.

यंदा शहरातल्या वर्कशॉपात एक जागा निघाली आणि सुनेचं नाव लागलं. तीस तारखेच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पण खाणीच्या मॅनेजरने तिला सोडल्याचा कागद अडवून धरला. "हिला मॅनेजर सोडचिठ्ठी देत नाही, आणि मी तर देणारच नाही," मुलगा म्हणायचा. पहिल्यांदा आम्ही हसलो.

मॅनेजरची अट होती ती चार नंबरच्या लोडरची. लोडर म्हणजे पुढच्या बकेटने दगड उचलून डंपरमध्ये टाकणारं मशीन. चार नंबरचा पिवळा दिवा लागायचा, इंजिनाची ताकद निम्मी व्हायची आणि भरलेली बकेट अर्ध्यावर लटकायची. लॅपटॉप जोडला की एकच उत्तर यायचं: धुराच्या पाइपातला दाब जास्त, सेन्सर तपासा. हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. धुराच्या उष्णतेने जळू नये म्हणून तो लांब बसवतात आणि एका बारीक नळीने पाइपाला जोडतात. सून नवा सेन्सर लावायची, दिवा जायचा, आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी परत हजर. असं पाच वेळा झालं.

"काय चिमटा, पुन्हा नवा?" फोरमन म्हणाला. "त्या लोडरला सेन्सरचं व्यसन लागलंय."

मॅनेजर म्हणाला, "आठ दिवस दिव्याशिवाय चालवून दाखवा आणि खुशाल जा."

रात्री ती जेवायला बसली. मी विचारलं, "अगं, वायर बघितलीस का?"

"बघितली."

"मग सायलेन्सर तुंबला असेल."

"नाही तुंबला. आई, आता तुम्ही लोडर चालवायचंच बाकी राहिलंय."

अठरा तारखेला, गुरुवारी, दुपारच्या सुट्टीत ती लोडरच्या केबिनमध्येच डबा खात बसली. बाहेर सावली नव्हती. इंजिन बंद केलेलं, पण लॅपटॉप जोडलेला राहिला होता. वीस मिनिटांनी तिचं लक्ष गेलं तर दाबाचा आकडा तिथेच. बंद मशीनमध्ये दाब कसला? तो शून्यावर यायला हवा. तिने बारीक नळीचा सेन्सरकडचा नट सैल केला. फुस्स झालं, चमचाभर काळं पाणी मनगटावर आलं आणि आकडा शून्यावर पडला.

"म्हणजे सेन्सर खरं बोलत होता," त्या संध्याकाळी हात धुता धुता ती मला सांगत होती. "नळी मधेच काजळीने बंद झालेली. आत कोंडलेला दाब तो बिचारा दाखवत होता. मी सेन्सर बदलायला नट उघडायचे, दाब निघून जायचा आणि मला वाटायचं सेन्सर खराब होता. पाचही चांगले आहेत."

"सापडलं ना, मग रडवेलं तोंड का?"

ती नळी पाइपाकडे सरळ उतरती असावी लागते, म्हणजे वाफेचं पाणी परत खाली जातं. इथे ती मधे वाळत घातलेल्या दोरीसारखी झुकली होती. त्या खोलगटात पाणी साचून काजळी धरली. आणि नळी खाली ओढणारा क्लॅम्प, म्हणजे ती जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, सुनेनेच लावला होता, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा हादऱ्यांनी नळ्या तडकत होत्या. क्लॅम्पने ते थांबलं, म्हणून फोरमनने तसाच क्लॅम्प पाचही लोडरना तिच्याकडून लावून घेतला.

चार नंबरची नळी तिने साफ केली, क्लॅम्प वर घेतला. आठ दिवस दिवा लागला नाही. मी भांडी खोक्यात भरली.

सत्तावीसला रिपोर्ट भरायचा होता. त्यात कारणाच्या जागी चारच शब्द असतात, एकावर खूण करायची: सेन्सर, वायर, कंट्रोलर, इतर. पहिल्या तिन्हींना रिपोर्ट तिथल्या तिथे मिटतो. 'इतर'ला खुलासा लिहावा लागतो, आणि तेच कारण असलेली सगळी मशीन दुरुस्त होईपर्यंत मेकॅनिकला हलता येत नाही.

"सेन्सरवर खूण कर," आदल्या रात्री मुलगा म्हणाला. "पाच बदललेस की. खोटं कुठे आहे?"

"बाकीच्या चार लोडरचं काय?"

"त्यांचे दिवे लागलेत?"

"लागतील. माझ्या जागी येईल तो सेन्सर बदलत बसेल."

"बसू दे. त्याचीही कुणी वाट बघत असेल, पण ते आपलं पोर नाही."

मी म्हणाले, "न सांगता चार क्लॅम्प बदलून टाक."

"कागदाशिवाय चालत्या मशीनला हात लावता येत नाही, आई. आणि कागदावर कारण लागतं."

"मग सेन्सर लिही," मी म्हणाले. हे मी बोलले. मला त्या बंद खिडकीसमोरून उठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने 'इतर'वर खूण केली. मॅनेजरने खुलासा वाचला. "हे क्लॅम्प तुम्हीच लावलेले?"

"हो."

"मग तुम्हीच काढा."

दर रविवारी एकच लोडर थांबवतात, म्हणजे चार क्लॅम्पना चार रविवार. तीस तारीख आली आणि गेली, शहरातली जागा दुसऱ्याला मिळाली. मी भांडी परत फळीवर लावली. मुलगा चार दिवस तिच्याशी बोलला नाही. समोर बसून मला म्हणायचा, "तिला सांग, आमटीत मीठ नाही." ती म्हणायची, "त्याला सांगा, डबा त्याच्या कोपराशीच आहे."

त्या रविवारी नातीचा फोन आला. "आजी, आईने सेन्सर का नाही लिहिलं?" हे तिला मीच आधी सांगून बसले होते. सून बूट घालत होती, तिने फोन घेतला.

"कारण तो सेन्सर नव्हता, बाळा."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. सून एवढंच म्हणाली, "माहीत नाही गं. पुढच्या वर्षी जागा निघेल की नाही, खरंच माहीत नाही." मग फोन माझ्या हातात देऊन ती दोन नंबरच्या लोडरकडे निघाली.

मी फोन कानाला लावला तर पलीकडे मावशी होती. पोरगी उठून आत गेली होती.